जुना व्हॉल्व बंद करून पाहिलास का?

३ फेब्रुवारी

ती. मामास,

भिंगरीचा नमस्कार, खुर्चीत बसूनच, कारण पाठ धरली आहे.

परवा फोनवर तू म्हणालास, "तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं कळत नाही, त्यापेक्षा लिही." पंपघरात चाळीस वर्षं काढलेल्या कानांपुढे मी काय बोलणार? म्हणून हे पत्र. आई म्हणाली, मामाला सोपं करून सांग. मी म्हटलं, चौथीत शाळा सोडून जो इंजिनियरांचे नकाशे वाचायला आपला आपण शिकला, त्याला सोपं कशाला? नीट सांगते.

आमची कंपनी संगणक भाड्यानं देते. लोक याला क्लाउड म्हणतात, पण त्यात ढगबिग काही नाही. मोठ्या गार खोल्या, खोल्यांत कपाटं, कपाटांत संगणक. ज्याला हवे त्यानं आपल्या घरी बसून वापरावेत. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. ज्यांनी ते पत्ते ठरवले त्यांना वाटलं, चारशे कोटी म्हणजे पुष्कळ झाले. ते संपले. आता एकेका पत्त्याआड शेकडो यंत्रं दाटीवाटीनं राहतात. नवे पत्ते केव्हाच निघालेत, लांबलचक, संपता न संपणारे. आमच्याकडे मात्र अजून नाहीत. ते आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुने चालू ठेवायचे आणि शेजारून नवे सुरू करायचे. तारीख १५ एप्रिल.

घाई अशासाठी, की आमचं एक गिऱ्हाईक गळ्यात घालायची बटणं बनवतं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पडलं-झडलं की बटण दाबायचं, मदत केंद्रात हाक जाते आणि तिथलं माणूस बटणातूनच बोलतं. त्यांच्या नव्या बटणाला फक्त नवाच पत्ता आहे. जुनी वाट त्याला माहीतच नाही. आमचं काम फसलं तर बटण मुकं.

पहिल्या शंभर माणसांच्या यादीत मी तुझं नाव घातलंय. रागावू नकोस.

आम्ही पाच जण आहोत. चौघं पळतात आणि एक कासव. खरंच आम्ही त्याला कासव म्हणतो. प्रत्येक गोष्ट तीनदा तपासतो. माझी पाठ त्याच्यामुळेच धरली असं माझं मत आहे. मोठ्या बाई, म्हणजे तुझ्या भाषेत मुकादमीण, रोज विचारतात, "कुठवर आलं?"

पण करणार म्हणजे करणार.

तुझी,
भिंगरी

*

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

मामाचे पोतंभर आशीर्वाद. पाठ गरम पाण्यानं शेक.

बटण नको. मी काय बैल आहे, गळ्यात घंटा बांधायला? पडलोच तर ओरडेन. चाळीस वर्षं पंपाच्या वर आवाज काढलाय, चार घरं सोडून ऐकू जाईल. खालची शिंपीण तर मी शिंकलो तरी मशीन थांबवून वर बघते.

तुझं काम कळलं. अगदी पाण्याचीच गोष्ट आहे. जुनी लाइन अपुरी, माणसं वाढली, एका नळावर दहा बिऱ्हाडं. तर शेजारून नवी मोठी लाइन टाकायची, आणि जुनी चालू ठेवायची, एक दिवससुद्धा कुणाची बादली रिकामी राहता कामा नये. हे मी केलंय, बरं का. साहेबांनी त्याबद्दल मला मनगटी घड्याळ दिलं होतं. कपाटात आहे. घालत नाही. त्याची गोष्ट पुन्हा केव्हातरी.

तुझा कासव मला आवडला. फिटर लोकांत अशी माणसं असतात. आम्ही त्यांची टिंगल करतो आणि अवघड काम निघालं की त्यांनाच हाक मारतो.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा

*

६ मार्च

ती. मामास,

नाचत नाचत नमस्कार! झालं. बंदोबस्त पक्का झाला. तीन आठवडे आम्ही दिवसाचे बारा बारा तास बसलो आणि काल शेवटची चाचणी संपली. आमच्या पडद्यावर एकशेवीस चाचण्यांचे एकशेवीस दिवे असतात. सगळे हिरवे! बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, तीही दुखरी. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे खातं लवकरच कुणाच्या तरी हाती द्यायचंय. पंधरा एप्रिल नीट पार पडू दे." मामा, मी या खात्याची प्रमुख होणार असं दिसतंय.

सगळे खूश, एक सोडून. कासव सगळ्यांसमोर म्हणाला, "नव्या वाटेनं जायला जेवढा वेळ लागतोय तेवढाच जुन्या वाटेनं लागतोय. अगदी काट्यानं तोलल्यासारखा. दोन वेगळे रस्ते इतके सारखे नसतात."

मी म्हटलं, "अरे बाबा, तुला आनंदालासुद्धा पुरावा लागतो का?"

सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा.

बाईंच्या मते तो आमच्या वेगाचा माणूस नाही. त्याची बदली जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या खात्यात करायची म्हणतात. कागद माझ्या टेबलावर आहे, सही माझी हवी. वाईट वाटतं, पण त्यालाही तिथे बरं वाटेल, नाही का?

तुझं बटण महिनाअखेर पोचेल. मुकाट्यानं घालायचं.

तुझी,
भिंगरी (लवकरच मोठी भिंगरी)

*

१४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. या खेपेला चेष्टा नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकच विचारतो. जुना व्हॉल्व बंद करून पाहिलास का?

सही करायच्या आधी घड्याळाची गोष्ट वाच.

एकतीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या वस्तीला आम्ही नवी लाइन टाकली. मी आणि माझा जोडीदार लंबू. लंबू अंगानं दांडगा, मनानं लोणी. नवा व्हॉल्व उघडायला त्यानं चाक फिरवलं आणि म्हणाला, "नळ्या, चाक हलकं लागतंय रे. जीव नाही त्याला." मी म्हटलं, "नवंकोरं आहे, हलकंच असणार. तुला गंजलेलं असल्याशिवाय करमत नाही." वर जाऊन नळ सोडले. धो धो पाणी! मी वहीत लिहिलं, नवी लाइन तपासली, ठीक. लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी घड्याळ दिलं.

भिंगरे, ते पाणी नव्या लाइनीचं नव्हतंच. जुनी चालू होती आणि वरती दोन्ही एकमेकींना जोडलेल्या होत्या. पाणी सगळं जुनीतूनच येत होतं. नव्या व्हॉल्वची आतली दांडी तुटलेली होती. वर चाक फिरायचं, आतली झडप ढिम्म. नळातून पडलेल्या पाण्यावर काही लिहिलेलं नसतं, मी अमक्या वाटेनं आलो म्हणून.

आठ दिवसांनी आम्ही जुनी लाइन तोडली. टेकडीवर चार दिवस थेंब नाही. म्हाताऱ्या बायका खालून बादल्या वाहत होत्या आणि वाटेत मी दिसलो की काही न बोलता पुढे जात होत्या.

व्हॉल्व काढला, तुटकी दांडी निघाली. साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, म्हणाले, लंबूनं जोर लावून तोडली. त्याच्या अंगाकडे बघून सगळ्यांना पटलं. पण जोरानं तुटली असती तर आधी चाक जड लागलं असतं ना? ते पहिल्या फेऱ्यापासून हलकं होतं. व्हॉल्व तुटकाच आला होता. लंबूनं ते सांगितलं होतं, मी उडवून लावलं होतं, आणि त्या खोलीत हे सांगू शकणारा मी एकटाच होतो. मी घड्याळ मनगटावर घालून गप्प उभा राहिलो. लंबूला मीटरच्या कोठीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो नाही. तुझ्या आईलासुद्धा हे माहीत नाही.

तुला सांगताना लाज वाटली, आणि मग वाटलं, तुला सांगतो आणि त्याला सांगत नाही, हा कसला न्याय? रविवारी टेकडी चढतोय, लंबू तिथेच राहतो.

कागदावर सही करू नकोस.

तुझा,
मामा

*

२१ मार्च

ती. मामास,

नव्हता केला, मामा. बंद करून पाहिला नव्हता.

तुझं पत्र परवा आलं. काल सकाळी अकराला कासवाला घेऊन चाचणीच्या खोलीत गेले. ही आमची खोटी खोटी दुनिया, इथे काही मोडलं तर गिऱ्हाइकांना धक्का लागत नाही. म्हटलं, "जुनी वाट पूर्ण बंद करूया."

तो म्हणाला, "हे मी दोनदा मागितलं होतं."

"कधी?"

"तुझ्या सहीसाठी पडलेल्या अर्जांत आहे."

अर्ज होते, मामा. बदलीच्या कागदाखालीच होते.

जुनी वाट बंद केली. एकशेवीस हिरवे दिवे, एकेक करून लाल होत गेले. चार मिनिटांत एकही हिरवा उरला नाही. मग कासवानं खिशातून रुमाल काढून मला दिला आणि म्हणाला, "इस्त्रीचा आहे, जपून." मला रडता रडता हसू आलं.

झालं होतं ते असं. आमच्या ऑफिसातल्या संगणकांना दोन्ही वाटा माहीत. ते आधी नव्या वाटेनं दार ठोठावतात. पातं लवायच्या आत उत्तर आलं नाही, तर गुपचूप जुन्या वाटेनं जातात आणि कुणाला सांगतही नाहीत. आमच्या फाटकावर राखण करणारा जो प्रोग्राम आहे, त्याच्या यादीत फक्त जुन्या पत्त्यांना आत सोडायची परवानगी. नवा पत्ता दिसला की दार बंद. आणि आम्ही इकडे टाळ्या वाजवतोय. तुझ्या गळ्यातलं बटण काही गुपचूप जुन्या वाटेनं गेलं नसतं. ते नुसतं दाबलं गेलं असतं.

बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघांना आणि माझ्या मामाला."

"मामा कुठल्या कंपनीत?"

"पाणीपुरवठ्यात होता."

बाईंनी कॅलेंडर पुढे ओढलं. "फाटक दुरुस्त करायला किती वेळ?"

"अर्धा दिवस. पण फाटकाच्या आत काय काय मोडलंय ते कुणी पाहिलेलंच नाही. कारण आत कधी कुणी पोचलंच नाही. तारीख हलवावी लागेल."

"मग तुझ्या प्रमुखपदाचं मला काही सांगता येणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. चालणार नव्हतं, पण म्हटलं.

दुपारी सगळ्यांना बोलावलं आणि उभी राहून सांगितलं, "कासवानं हे सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर हसले." बदलीचा कागद बाईंना सहीविना परत दिला. आता दर मंगळवारी अकरा ते बारा, चाचणीच्या खोलीत जुनी वाट बंद. जे मरेल ते दुरुस्त करायचं. कॅलेंडरवर त्या तासाला कासवानं नाव दिलंय, "मामाची वेळ".

लंबूमामांकडे गेलास का? काय म्हणाले?

तुझी,
भिंगरी

*

२ एप्रिल

ती. मामास,

तुझं पत्र नाही. आई म्हणते फोन वाजतो, उचलत नाहीस. लंबूमामांनी हाकलून दिलं का? दिलं तरी कळव.

इथली एक गंमत, म्हणजे आता गंमत. फाटक उघडलं आणि आत पहिल्यांदा नव्या पत्त्याची, चाचणीची हाक पोचली. मदत केंद्रात घंटा वाजली! पण कुणाच्या घरून, ते कळेना. शोधता शोधता सापडलं. कुणीतरी कधीकाळी हाकेची नोंद करायला पत्त्यासाठी पंधरा अक्षरांचा रकाना आखलेला. जुना पत्ता पंधरात बसायचा. नवा एकोणचाळीसपर्यंत जातो. रकाना सोळाव्या अक्षरावर कात्री चालवायचा. हाक ऐकू यायची, हाक मारणारा सापडायचा नाही. असे रकाने एकोणीस ठिकाणी निघाले. सतरा झाले, दोन आहेत.

मामा, तू गप्प का? बटण पोचलं का?

भिंगरी

*

६ एप्रिल

चि. भिंगरीस,

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. अक्षर लंबूचं आहे, त्याच्यासारखंच लांब. मी सांगतो, तो लिहितो. माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. बाकी ठणठणीत.

(पोरी, मी लंबू. ठणठणीत नाही. कंबरही सुजली होती.)

लंबूच्या घराला सत्तावन्न पायऱ्या. मी काय बोलायचं ते घोकत चढत होतो. छप्पन्नाव्या पायरीवर वाक्य आठवलं आणि पायरी विसरलो. पडलो. मग ओरडलो. चाळीस वर्षांचा आवाज, भिंगरे, सगळा काढला. कुणी आलं नाही. दहा-वीस मिनिटं पडून होतो.

(तासभर. मी कचरा टाकायला बाहेर आलो म्हणून सापडला. माझे कान याच्याहून गेलेले, हे हा विसरला.)

त्यानं मला उचललं, एकट्यानं, या वयात. आणि तिथेच, त्याच्या खांद्यावर असताना, मी सगळं सांगून टाकलं.

(हा पुटपुटत होता आणि मला काही कळत नव्हतं. तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा हा जो ओरडला, "चाक हलकं होतं, तू सांगितलं होतंस, मी गप्प बसलो", तेव्हा खालच्या घरांतल्या बायका बाहेर आल्या. हा पडला तेव्हा यायला हव्या होत्या, त्या या कामाला आल्या.

आता थोडं माझं. हा झोपलाय, म्हणून लिहितो. मी ते बोललो होतो हे मलाच आठवत नव्हतं. साहेब इतक्या ठामपणे म्हणाला, की मला वाटलं, शेवटच्या फेऱ्याला आपण जोर दिलाच असणार. तेव्हापासून मी कुठलीही गोष्ट घट्ट पिळलेली नाही. बाटलीचं झाकणसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घेतो. वाटायचं, या हातांत नको तेवढा जोर आहे. राग आला का? आला. दोन दिवस बोललो नाही. पण प्लास्टरवाल्याला भरवावं लागतं, आणि भरवताना माणूस किती वेळ तोंड फिरवून बसणार?

यानं ते घड्याळ आणलंय मला द्यायला. बंद होतं. मी किल्ली दिली. घट्ट दिली. चाललं.)

काय लिहितोयस रे एवढं? वाचून दाखव. नाही दाखवत म्हणतो.

तर, मी प्लास्टर निघेपर्यंत इथेच. शिंपिणीनं तुझी पत्रं आणि बटणाची डबी इथे टेकडीवर पाठवली. बटण कंपनीला नवा मुक्काम लंबूनं पत्रानं कळवलाय. तासभर पायरीवर पडून माझं मत बदललं आहे. गळ्यात घातलंय. लंबू मला बैल म्हणतो, म्हणू दे.

तुझे उरलेले दोन रकाने झाले का?

तुझा,
मामा
(आणि लंबूमामा)

*

१६ एप्रिल

ती. मामास आणि ती. लंबूमामांस,

पत्र वाचून आधी रडले, मग आईला फोन केला, मग ती रडली. रविवारी ती तिकडे येतेय, तयारीत राहा, दोघंही बोलणी खाणार आहात.

एकोणीसच्या एकोणीस रकाने झाले. काल "मामाच्या वेळेला" जुनी वाट बंद केली आणि पूर्ण तासभर एकशेवीस दिवे हिरवे राहिले. तरी टाळ्या वाजवल्या नाहीत. कासवानं परत वेळ मोजली. नवी वाट जुनीपेक्षा किंचित वेगळी निघाली. तो म्हणाला, "आता पटलं. दोन वेगळे रस्ते आहेत." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे मिरवणूकच.

प्रमुखपद दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. दोन दिवस बोचलं, खोटं कशाला सांगू? पण काल बाई स्वतः "मामाच्या वेळेला" येऊन बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "हे सगळ्या खात्यांत सुरू करा."

खुलं करायची तारीख २७ एप्रिल, सकाळी अकरा. मदत केंद्राला सांगून ठेवलंय, की त्या दिवशी काही लोक उगाच बटण दाबतील. चाचण्या शेकडो झाल्या, पण खऱ्या घरातून, खऱ्या गळ्यातून एकही हाक अजून आलेली नाही. अकराच्या ठोक्याला दाबशील?

तुमची,
भिंगरी

*

२७ एप्रिल

चि. भिंगरीस,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

सकाळी दहापासून आम्ही दोघं ओट्यावर. लंबूच्या मनगटावर घड्याळ. दोन मिनिटं कमी असतानाच म्हणतो, "दाब."

म्हटलं, "अजून अकरा व्हायचेत."

"अरे, हे घड्याळ एकतीस वर्षं उशिरानं चालू झालंय. दोन मिनिटांचं काय घेऊन बसलास?"

तरी थांबलो. तुझं काम आहे, वेळेवरच दाबायचं. अकराला दाबलं.

काही नाही. लंबूनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात मोजायला लागलो. एक. दोन. तीन. चार मोजेपर्यंत मला टेकडीवरच्या त्या सगळ्या बादल्या दिसल्या, रिकाम्या.

आणि बटण बोललं! आवाज असा खणखणीत, की लंबूलाही ऐकू आला. "बोला आजोबा. टेकडीवरचं सत्तावन्न पायऱ्यांचं घर ना? पडलात का?"

घर बरोबर सांगितलं, भिंगरे. एक अक्षर कापलं नाही.

मी म्हटलं, "नाही बाई, पडलो नाही. पाणी येतंय का ते बघत होतो."

ती बिचारी गोंधळली. "काय येतंय का?"

तेव्हा लंबू माझ्या खांद्यावरून वाकला आणि माझ्या गळ्यातल्या बटणात ओरडून म्हणाला, "आलं हो, आलं! टेकडीपर्यंत आलं!"

तुझा,
मामा